पेनीला चार ओळी आणि ज्वालामुखीच्या कृपेने राक्षस

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करणाऱ्यांची पहिली गाठ पडते ती युगांच्या यादीशी: रेनेसान्स, रोमँटिक, व्हिक्टोरियन, मॉडर्निस्ट. यादी पाठ करावी लागते, इलाज नाही. पण त्यातली पुस्तकं कधी आगीतून वाचली आहेत, कधी कवडीमोलाने विकली गेली आहेत, तर कधी निव्वळ खराब हवेमुळे लिहिली गेली आहेत. हे कळलं की युगं आपोआप डोक्यात बसतात.

आधी आपल्या अभिमानाची गोष्ट. ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला १८९४ साली. केंब्रिजची स्वतंत्र परीक्षा तर १९१७ची. आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे मराठी 'हॅम्लेट', १८८३ मध्येच छापून झालं होतं!

शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला तेव्हा त्याची जवळपास निम्मी नाटकं छापलेलीच नव्हती. नाटकमंडळीतले त्याचे दोन सोबती, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल, यांनी १६२३ मध्ये ३६ नाटकांचा जाडजूड ग्रंथ काढला. तोच 'फर्स्ट फोलिओ'. त्यातली १८ नाटकं तेव्हा पहिल्यांदा छापली गेली आणि 'मॅकबेथ' त्यातलंच. या दोन नटांनी खटपट केली नसती तर शिरवाडकरांचा 'राजमुकुट', म्हणजे मराठी 'मॅकबेथ', आपल्याला कुठून मिळाला असता?

मिल्टनने दृष्टी गेल्यावर 'पॅरडाइज लॉस्ट' तोंडी सांगून लिहून घेतलं. १६६७ मध्ये प्रकाशक सॅम्युअल सिमन्सने हातावर टेकवले पाच पौंड. पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी पाच. ओळी दहा हजारांच्या वर. हिशेब करा, एका पेनीला चार ओळींहून जास्त पडतात.

त्याहून जुनं 'बेओवुल्फ' तर अक्षरशः आगीतून वाचलं. या काव्याची जुनी हस्तलिखित प्रत जगात एकच, आणि १७३१ मध्ये ती ठेवलेल्या लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली. पोथी बचावली, पण कडा करपल्या आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचे कपचे गळत राहिले. कपच्यांबरोबर अक्षरंही गेली. अठराव्या शतकाच्या शेवटी थॉर्केलिन नावाच्या विद्वानाने तिची एक नक्कल करवून घेतली होती आणि दुसरी स्वतः केली होती. आज मूळ पानावर नसलेली कित्येक अक्षरं फक्त त्या नकलांमुळे वाचता येतात. नकलनविसांना साहित्याच्या इतिहासात मानाचं पान मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्वालामुखी. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला. त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच गिळला. थंडी आणि पाऊस हटेनात. जिनिव्हाच्या तळ्याकाठी बायरन, शेली आणि मंडळी घरात अडकून पडली. वेळ जाईना, तेव्हा बायरनने फर्मान काढलं: प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. नावाजलेल्या कवींच्या गोष्टी अर्ध्यातच राहिल्या. पुढे मेरी शेली झालेल्या अठरा वर्षांच्या मेरीने मात्र 'फ्रँकेनस्टाइन' उभा केला. १८१८ मध्ये तो निघाला फक्त ५०० प्रतींचा, लेखिकेच्या नावाशिवाय. प्रस्तावना शेलीची, म्हणून कादंबरीही त्याचीच असं पुष्कळांना वाटलं. त्याच खेळातून बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याने 'द व्हॅम्पायर' ही कथा लिहिली. म्हणजे राक्षस आणि रक्तपिपासू, दोघांचं बिऱ्हाड एकच.

ब्राँटे बहिणींनी १८४६ मध्ये पुरुषी टोपणनावांनी कवितासंग्रह काढला. खपल्या दोन प्रती! पुढच्याच वर्षी 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' आल्या.

आणि टी. एस. एलियट. लंडनमध्ये बँकेत नोकरी करता करता १९२२ मध्ये त्याने 'द वेस्ट लँड' प्रसिद्ध केली. त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंड याने कात्री चालवून ती ४३४ ओळींवर आणली होती. पुस्तकाला एवढा मजकूर कमी पडला, म्हणून एलियटने शेवटच्या टिपा वाढवल्या. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. त्याच टिपांवर आज परीक्षेत प्रश्न येतात. इंग्लंडमधली पहिली पुस्तकरूप आवृत्ती १९२३ मध्ये निघाली. तिचे छपाईचे खिळे एकेक करून जुळवले होते व्हर्जिनिया वुल्फने, स्वतःच्या हातांनी.