हातांचे बोबडे बोल

आपल्याकडे तान्ह्या मुलाला आधी कोणती भाषा शिकवतात? मराठी, असे कोणीही म्हणेल. पण जरा आठवून पाहा. मूल बसू लागले की आजी त्याला 'जयजय' करायला शिकवते, आजोबा दारात 'टाटा' करवतात, वाटीतला भात सरला की दोन्ही हात उलटे करून 'संपलं' दाखवतात. शब्द फुटण्याच्या कितीतरी आधी मूल हातांनी बोलू लागते.

कारण सोपे आहे. शब्द उच्चारायला जीभ, ओठ आणि श्वास यांचा बारीक मेळ बसावा लागतो. हातांवर ताबा त्याआधी येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांना १९८२ साली हे स्वतःच्या घरातच दिसले. त्यांची वर्षाची मुलगी फुलाकडे बोट करून हुंगल्यासारखे करी. तो तिचा 'फूल' हा शब्दच होता! सुसान गुडविन यांच्यासह त्यांनी अशा खुणांचा अभ्यास केला, १९९६ साली पुस्तक लिहिले, आणि ऐकू येणाऱ्या बाळांनाही खुणा शिकवण्याची तिकडे लाट आली.

रीत अवघड नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळासाठी रोजच्या गरजेच्या तीन-चार खुणा निवडाव्यात. अमेरिकेत दुधासाठी मूठ मिटतात-उघडतात. दूध देताना, बाळाच्या डोळ्यांत पाहून, शब्द उच्चारीत खूण करावी. उत्तर यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. बाळाची खूण ओबडधोबड असली तरी ती ओळखून दाद द्यावी.

याने मूल हुशार होते काय? इंग्लंडमध्ये ४० बाळांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुणा शिकलेली मुले भाषेत पुढे गेली नाहीत; मागेही पडली नाहीत. आया मात्र बाळाच्या मनाकडे अधिक लक्ष देऊ लागल्या.

हे सारे मी परीक्षेसाठी वाचले नाही. माझ्या भाच्याला ऐकू येत नाही, हे तो सव्वा वर्षाचा असताना कळले. "हातवारे केलेत तर तो कधी बोलणार नाही," असे एका जाणकाराने ताईला बजावले. घरातले सगळे हात आवरून बसले. आजीचे 'जयजय'सुद्धा थांबले. आठ महिने ते लेकरू नुसते आमच्या तोंडांकडे पाहत राहिले.

ही भीती जुनी आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांच्या शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला होता. पण १९६० साली विल्यम स्टोको यांनी दाखवून दिले की बधिरांच्या खुणा म्हणजे हातवारे नव्हेत, ती रचना असलेली भाषा आहे. १९९१ साली लॉरा पेटिटो व पॉला मॅरेन्टेट यांना आढळले की बधिर आईबापांची बधिर बाळे चक्क हातांनी बोबडे बोलतात!

दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्यांचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ साली निघाला. त्यावरून आम्ही सारे शिकतो आहोत. कानाचे यंत्र आणि बोलण्याचे धडेही चालू आहेत. एकाने दुसरे अडत नाही. गेल्या महिन्यात भाच्याने माझा पदर ओढून 'पाणी'ची खूण केली. मी पाणी दिले, तर न पिताच हसत सुटला. त्याला पाणी नको होते, मला कळले की नाही एवढेच पाहायचे होते.

ऐकू येणाऱ्या बाळाला खूण ही एक सोय आहे. न ऐकणाऱ्या बाळाला ती मायबोली ठरू शकते, आणि तिचे दिवस वाट पाहत थांबत नाहीत. मित्रहो, तुमच्या आळीत असे एखादे घर असेल, तर तेथे एवढे जरूर सांगा : हात बांधू नका.