खरखर ठेवायची की पुसायची

१९८७ साली कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने एसपी-१२०० नावाचं यंत्र बाजारात आणलं. ड्रम वाजवायचे आणि बाहेरचा आवाज टिपून घ्यायचा, अशी दोन्ही कामं ते करी. त्याची स्मृती जेमतेम दहा सेकंदांची. एका तुकड्याला अडीच सेकंदांपेक्षा जास्त जागा मिळत नसे. आवाज बारा बिटांत साठवला जाई, म्हणजे चढउताराला ४,०९६ पायऱ्या. तेव्हाच्या सीडीला ६५,५३६ होत्या. कागदावर हे सगळे दोषच. जुन्या सोल आणि जॅझच्या रेकॉर्डींतून तुकडे उचलणाऱ्या न्यूयॉर्कच्या पोरांनी त्यातूनच वाट काढली. जागा वाचावी म्हणून ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ते ४५ वर पळवत, पळत्या आवाजाचा तुकडा टिपत आणि मग यंत्रातच तो खाली ओढून मूळ चालीवर आणत. या ओढाताणीत आवाजाच्या कडा झिजत आणि वर पत्र्यासारखी किणकिण चढे. यंत्राच्या आठ आउटपुटांपैकी शेवटच्या दोनांवर फिल्टरच नव्हता. किणकिण जशीच्या तशी हवी असेल तर ड्रम तिथून बाहेर काढायचा. कुठला आवाज फिल्टरमधून न्यायचा आणि कुठला उघडा सोडायचा, हे ठरवलं की मिक्सिंग सुरू झालं.

हिप-हॉपच्या गाजलेल्या अल्बमांचा आवाज कच्चा, खरबरीत, धुळीने माखलेला आहे असं नेहमी म्हटलं जातं आणि त्याचं कारण लगेच गरिबीत शोधलं जातं. पैसे नव्हते, साधनं नव्हती, म्हणून असं झालं. मला हे अर्धंच खरं वाटतं. अपुऱ्या साधनांत केलेली कितीतरी रेकॉर्डिंग विसरली गेली. टिकली ती, ज्यांच्यामागे बसलेल्या माणसाला साफसफाई कुठे थांबवायची हे कळत होतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जी मुलं आज लॅपटॉपवर बीट बनवतात, त्यांच्यासाठी हे मांडायला हवं, कारण त्यांची अडचण नेमकी उलटी आहे. त्यांच्या सॉफ्टवेअरला दहा सेकंदांची मर्यादा नाही, टेपचा हिस नाही, आणि खरखर हवीच असेल तर तिचंही बटण आहे.

पब्लिक एनिमीचा १९८८ चा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ या दृष्टीने पहिला मोठा धडा. हँक शॉकली, कीथ शॉकली, एरिक सॅडलर आणि चक डी या बॉम्ब स्क्वॉडने एकेका गाण्यात तुकड्यांवर तुकडे रचले. ‘रिबेल विदाउट अ पॉझ’मध्ये द जेबीज यांच्या १९७० च्या ‘द ग्रंट’मधली सॅक्सोफोनची किंकाळी उचलली आहे आणि ती सुटकाच देत नाही. कानाला त्रास व्हावा हाच तिचा हेतू. पण नीट ऐकलं तर त्या गोंगाटात एक शिस्त सापडते. किंकाळी वरच्या पट्टीत आहे, चक डीचा आवाज जड आणि खर्जाकडे झुकणारा आहे. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. एवढ्या कल्लोळात त्याचा एकही शब्द बुडत नाही. आपल्याकडच्या मिक्समध्ये मला वारंवार खटकते ती नेमकी हीच गोष्ट. गोंगाट असतो, पण कोणाला कुठे बसवायचं हे ठरलेलं नसतं, आणि शब्द मधल्यामध्ये चिरडले जातात.

अशी रचना पुढे महाग झाली. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्ध गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याच्या वापराबद्दल अमेरिकी न्यायालयाने निकाल दिला आणि परवानगीशिवाय सॅम्पल उचलणं धोक्याचं झालं. एका गाण्यात दहा-वीस तुकडे रचण्यापेक्षा एखादाच तुकडा घेऊन त्याच्यावर दिवस काढणं परवडू लागलं. डॉ. ड्रेने १९९२ च्या ‘द क्रॉनिक’मध्ये वादकांकडून वाजवून घेऊन गुळगुळीत, रुंद, गाडीत ऐकायला सुखाचा आवाज घडवला. तोही थोर अल्बम आहे. पण त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावर वेगळंच काही शिजत होतं.

नोव्हेंबर १९९३ मध्ये वू-टँग क्लॅनचा ‘एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)’ आला. ब्रुकलिनच्या फायरहाउस स्टुडिओत आरझाने तो उभा केला. व्हिडिओ कॅसेटवरच्या कुंग-फू चित्रपटांतले संवाद त्याने जसेच्या तसे, कॅसेटच्या भुरकट आवाजासकट गाण्यांत बसवले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात व्हिडिओ पार्लरच्या अंधारात असलेच सिनेमे पाहिलेल्या पिढीला तो भुरकटपणा लगेच ओळखू येईल. ‘क्रीम’मध्ये द शार्मेल्स या गटाच्या १९६७ च्या एका गाण्यातला पियानो आहे. तो आरझाला पुसून लख्ख करता आला नसता असं नाही, निदान वरची किनार तरी कापता आली असती. त्याने ती ठेवली, कारण त्या गाण्यात बालपणाच्या तंगीबद्दल बोललं जातं आणि पियानो आधीच वापरून जुना झालेला वाटणं गाण्याला हवं होतं. नऊ जणांचे आवाजही एका मापात कापलेले नाहीत. कोणी माइकजवळ येऊन गुरगुरतो, कोणी लांबून ओरडतो, आणि हा उंचसखलपणा मिक्समध्ये सपाट केलेला नाही. म्हणून पहिल्यांदा ऐकतानाही नऊ वेगळी माणसं खोलीत असल्याचं कळतं.

ब्लॅक मूनच्या ‘एंटा दा स्टेज’मध्ये (१९९३) दा बीटमायनर्झनी उलट मार्ग धरला: सॅम्पलचा वरचा भाग फिल्टरने कापून फक्त खालचा घुमारा ठेवायचा आणि त्यावर कोरडा ड्रम मारायचा. भिंतीपलीकडे कोणाचंतरी संगीत चालू आहे, असा तो आवाज.

पण माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं उत्तर मॉब डीपच्या ‘द इन्फेमस’मध्ये आहे. एप्रिल १९९५ चा हा अल्बम अंधारलेला, थंड, भीती वाटावी असा. हॅवॉक आणि प्रॉडिजी तेव्हा विशीच्या आसपासचे, क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीशी जोडलेले. वसाहतीतल्या पोरांनी रागाच्या भरात करून टाकलेलं काम, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा क्यू-टिप, ज्याचं स्वतःचं संगीत उबदार आणि नेटकं, तो या अल्बमच्या निर्मितीत आणि मिक्सिंगमध्ये बसला होता. ड्रमला वजन आलं ते अशा कानामुळे. ‘शूक वन्स, पार्ट टू’मधला पियानो कुठून आला हे श्रोत्यांना सोळा वर्षं सापडलं नाही; २०११ मध्ये कळलं की तो हर्बी हँकॉकच्या ‘जेसिका’मधून उचलून, चाल बदलून, ओळखू येणार नाही इतका वाकवला आहे. एवढी मेहनत घेऊन जे हाती आलं, ते ऐकताना मेहनत कुठेच दिसत नाही.

२००४ च्या ‘मॅडव्हिलनी’पर्यंत कच्चेपणाला परंपरा लाभली होती. मॅडलिबने त्यातले बरेच बीट ब्राझीलच्या प्रवासात, साओ पाउलोतल्या हॉटेलच्या खोलीत, एसपी-३०३ हे छोटं यंत्र आणि हातात उचलून नेता येणारी टर्नटेबल घेऊन केले. अल्बम अपुराच असताना फुटला, तेव्हा त्यावरचा रॅपर एमएफ डूमने आवाज पुन्हा रेकॉर्ड केला, पहिल्यापेक्षा शांत आणि सैल. याच मॅडलिबने २००७ मध्ये हिंदी चित्रपटसंगीताच्या रेकॉर्डींवर ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ केला. आपल्या घरातला ठेवा लांबचा माणूस येऊन उघडतो, याचा मला आनंदही होतो आणि आपण आधी का उघडला नाही ही रुखरुखही राहते.

मुंबईचा रॅप या वाटेवर फार उशिरा आला, पण आला तेव्हा खरा आला. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि त्यावरच चित्रित केलं. त्या आवाजात खोली ऐकू येते. पुढच्या वर्षी डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ आलं, सेझ ऑन द बीटच्या बीटवर. २०१९ मध्ये ‘गली बॉय’साठी ते नव्याने झालं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. चित्रपटातलं मोठ्या पडद्याला साजेल इतकं भरीव आहे, पण पहिल्यातला चावा मला जास्त मोलाचा वाटतो. स्वदेसी या गटाने मराठीत अधिक धाडसी काम केलं. आरेच्या जंगलासाठी केलेल्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे आणि तो रॅपला शोभा म्हणून आणलेला नाही, गाण्याचा कणा तोच आहे. पुण्याच्या एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ (२०२०) बीटपासून स्वतः राबणाऱ्या पोराचा अल्बम, आणि त्यातला काळोख उसना नाही.

आता आपल्या पट्ट्याकडे. इथल्या इमारतींतली खोली साधारण दहा फूट बाय दहा फुटांची. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून फुगतो, हे साध्या गणिताने निघतं. ८०८ या ड्रम मशीनच्या किकचा सगळा जीव त्याच भागात. म्हणजे बदलापूरच्या खोलीत भिंतीजवळ बसून मिक्स करणाऱ्याला बेस आहे त्यापेक्षा जास्त ऐकू येतो, तो घाबरून बेस कापतो, आणि गाणं बाहेर गेल्यावर पोकळ वाजतं. खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला उलट अनुभव येतो, तिथे तोच सूर नाहीसा होतो. यावर महागडा स्पीकर हा उपाय नाही. कोपऱ्यात गाद्या रचाव्यात, हळू आवाजात मिक्स करावं, आणि ज्यांचा बेस माहीत आहे असे दोन अल्बम शेजारी लावून ताडून पाहावं. ‘इल्मॅटिक’ त्यासाठी उत्तम. चाळीस मिनिटांच्या आतला तो अल्बम बदलापूर ते सीएसएमटी प्रवासात दोनदा ऐकून होतो, आणि गाडीच्या खडखडाटातही ज्या मिक्सचे शब्द कळतात ते मिक्स पक्कं.

शब्द कळण्याचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. जयंतीच्या कार्यक्रमात कर्ण्यातून येणारी भीमगीतं आठवावीत. कर्ण्याला खालचा बेस जवळपास नाहीच. मधल्या पट्टीचा आवाज तो पुढे फेकतो, म्हणून वस्तीच्या टोकाला उभ्या माणसालाही ओळ लागते. वामनदादा कर्डक यांच्या परंपरेतले गायक आणि कल्याणचे प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्याची फेक याच कर्ण्यांवर आणि पुढे कॅसेटवर टिकली. ढोलकी टेपवर फाटते, कोरस माइकपासून लांब, आणि तरी गाणं अंगावर येतं. आगरी हळदीतला बँजो अॅम्प्लिफायर तापेपर्यंत वाजतो, त्या फाटण्याला इथल्या कानांनी कधी दोष म्हटलं नाही. न्यूयॉर्कच्या पावसाचा आणि सायरनचा आवाज इंटरनेटवरून उतरवून बीटखाली घालणाऱ्या मुलांनी हा ऐवज आधी ऐकायला हवा.

उल्हासनगरकडे तर आणखी एक पेटी आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांची ही वसाहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. मास्टर चंदर यांच्यासारख्या गायकांच्या सिंधी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या समाजाच्या आठवणीत आहेत. सुईची खरखर, बाजाचा दबलेला सूर, मधूनच वर येणारा गळा: आरझा किंवा मॅडलिब अशा तबकडीसाठी जग पालथं घालतील. कॅम्पातल्या जुन्या घरांत विचारायला कोणी जायचं, एवढाच प्रश्न आहे, आणि जो जाईल त्याने वृद्धांकडून गाण्याचा अर्थही लिहून घ्यावा.

यात कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. त्याहून जुन्या तबकडीचं मुद्रण मोकळं झालेलं असतं, पण तिच्यातले शब्द आणि चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकाराच्या निधनानंतरही साठ वर्षं चालतो. नुसता सारंगीचा किंवा ढोलकाचा तुकडा उचलला तरी चाल कोणाची हे पाहावं लागतं. वारस हयात असतील तर त्यांना भेटून परवानगी कागदावर घ्यावी आणि गाण्याच्या श्रेयनामावलीत मूळ गायकाचं नाव पहिल्या ओळीत टाकावं.