पंढरपूरचा ‘कॉरिडॉर’ म्हणजे नेमकं काय? एका इंग्रजी शब्दाचे किती अर्थ निघतात बघा

पंढरपुरात २०२२ पासून एक इंग्रजी शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे. महाद्वारातल्या प्रासादिक वस्तूंच्या दुकानापासून चौफाळ्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत तो ऐकू येतो. तो शब्द म्हणजे ‘कॉरिडॉर’.

कुणी म्हणतं कॉरिडॉर झालाच पाहिजे, कुणी म्हणतं होऊ देणार नाही. पण दोघांच्या मनातला कॉरिडॉर एकच आहे का? तर नाही. म्हणून आधी शब्द समजून घेऊ.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘धावणे’ या अर्थाचं क्रियापद आहे ‘कुरेरे’. त्यावरून इटालियन शब्द तयार झाला, फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि झाला कॉरिडॉर. म्हणजे मूळ अर्थ, धावण्याची जागा. सुरुवातीला किल्ल्याच्या तटबंदीभोवतीच्या वाटेला इंग्रजीत हा शब्द वापरायचे. इमारतीतल्या लांब बोळाला कॉरिडॉर म्हणायला लागले ते नंतर.

या शब्दाची भावंडं तर आपण रोज वापरतो. तारेतून धावतो तो करंट. या हातातून त्या हातात जाते ती करन्सी. निरोप घेऊन पळणारा तो कुरिअर. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर फिरणारा कर्सर आणि कॉलेजातला कोर्ससुद्धा याच घरातले.

आता गंमत बघा. माउलींच्या पालखीसोबत चालणारे वारकरी वेळापूरजवळ ‘धावा’ करतात, म्हणजे पंढरीच्या ओढीने चक्क पळत सुटतात. शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिलं, तर वारकऱ्यांचा कॉरिडॉर कधीपासूनच आहे.

मग आज कॉरिडॉरचे अर्थ किती?

पहिला अर्थ घरातला. फ्लॅटच्या दाराबाहेरचा किंवा हॉस्पिटलमधला कॉरिडॉर.

दुसरा, दोन ठिकाणं जोडणारा पट्टा. ९ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झालेला कर्तारपूर कॉरिडॉर हे त्याचं उदाहरण. भारतातल्या शीख भाविकांना व्हिसाशिवाय पाकिस्तानातल्या गुरुद्वाऱ्यात जाता यावं, यासाठी तो बनला.

तिसरा, प्राण्यांचा. पेंचजवळ नागपूर–जबलपूर महामार्गाखालून वाघ आणि इतर प्राण्यांना जाण्यासाठी वाटा ठेवल्यात. जंगलं जोडणाऱ्या अशा पट्ट्यांना वाइल्डलाइफ कॉरिडॉर म्हणतात.

चौथा, काही मिनिटांपुरता. दान केलेलं हृदय वेळेत पोहोचावं म्हणून पोलीस रस्ता मोकळा करतात, तो ग्रीन कॉरिडॉर.

पाचवा, उद्योगांचा. दिल्ली–मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉर म्हणजे एखादा रस्ता नाही, तर अनेक राज्यांतून जाणारा कारखान्यांचा आणि शहरांचा पट्टा.

आणि मंदिराचा कॉरिडॉर?

हा अर्थ आपल्याकडे रुळला तो काशीमुळे. १३ डिसेंबर २०२१ ला काशी विश्वनाथ धामाचं उद्घाटन झालं. सरकारी माहितीनुसार आधी सुमारे ३ हजार चौरस फुटांत असलेला मंदिराचा परिसर सुमारे ५ लाख चौरस फुटांचा झाला. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी, ११ ऑक्टोबर २०२२ ला उज्जैनच्या ‘महाकाल लोक’चं उद्घाटन झालं. त्याच काळात पंढरपूरचा आराखडा चर्चेत आला आणि मंदिर परिसरातल्या व्यापाऱ्यांनी, रहिवाशांनी विरोध सुरू केला.

इथेच अर्थ बदलतो. बोळ असो की पट्टा, कॉरिडॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोकळी वाट येते. पण पंढरपुरात मंदिराभोवती मोकळी जागा नाही. तिथे वाडे आहेत, मठ आहेत, तुळशीमाळा आणि कुंकू-बुक्क्याची दुकानं आहेत. वारीत वारकऱ्यांना उतरायला खोल्या देणारी घरं आहेत. तिथे वाट रुंद करायची तर कुणाची तरी भिंत पडणार.

दुसरी बाजूही खरी आहे. आषाढीला दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते. लाखोंची गर्दी अरुंद बोळांत अडकली आणि चेंगराचेंगरी झाली तर? रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी कॉरिडॉर म्हणजे सावली, पाणी आणि मोकळा श्वास. दुकानदारासाठी त्याच शब्दाचा अर्थ भूसंपादन.

मग विचारायचं काय?

‘कॉरिडॉर हवा की नको’ हा प्रश्न अर्धवट आहे, कारण या शब्दात ना रुंदी आहे ना लांबी. विचारायचं ते हे: किती मीटर? कुठून कुठपर्यंत? कुणाची जागा जाणार? मोबदला किती आणि तो कधी मिळणार? पर्यायी जागा मंदिरापासून किती लांब? भाडेकरूचं काय? २०१३ चा भूसंपादन कायदा भरपाईसोबत पुनर्वसनाबद्दलही बोलतो आणि जमीनमालकाशिवाय त्या जागेवर पोट असणाऱ्यांचाही विचार करतो. त्यामुळे हे प्रश्न विचारणं म्हणजे विकासाला विरोध नाही.

मराठीत आपल्याकडे साधे शब्द आहेत. रस्ता रुंदीकरण, भूसंपादन, दर्शनरांग, पुनर्वसन. यातला प्रत्येक शब्द सांगतो की नेमकं काय होणार आणि कुणाचं होणार. ‘कॉरिडॉर’ हे सगळं एकाच शब्दात झाकून टाकतो.

म्हणून पुढच्या वेळी कॉरिडॉरची पोस्ट दिसली, की शेअर करण्याआधी एवढंच बघा, लिहिणारा यातल्या कोणत्या कॉरिडॉरबद्दल बोलतोय?