हाफ इंजिन घरच्या घरी: पिस्टन बदलण्याआधी तो का गेला ते शोधा

आजचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या स्कूटरचं 'हाफ इंजिन' घरी कसं करायचं, ते आपण पाहणार आहोत. गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणजे इंजिनाचा वरचा भाग: हेड, सिलिंडर म्हणजे मिस्त्री ज्याला ब्लॉक म्हणतात तो, पिस्टन, रिंगा आणि गजन पिन. क्रँक आणि गिअर उघडले की झालं फुल इंजिन. त्यात आज शिरायचं नाही.

उदाहरण घेऊ बजाज चेतकचं. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून ही स्कूटर १९७२ पासून बाहेर पडू लागली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघितलेली माणसं या सभागृहातही असतील. पेट्रोलवरची ती चेतक बंद होऊन बराच काळ लोटला, आणि आज त्याच नावाची गाडी विजेवर धावते. पण जुनी चेतक अजून कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहेच. ती टू-स्ट्रोक आहे, एकच सिलिंडर, पाणी नाही, व्हॉल्व्ह नाहीत. घरी शिकायला याहून सोपं इंजिन सापडणं कठीण.

सोपं म्हटलं, पण आम्ही दोघा भावांनी ते पहिल्यांदा चुकीचंच केलं. तिथूनच सुरुवात करू.

बाबांची चेतक खंबाटकी घाट चढताना जाम झाली. पिस्टन ब्लॉकमध्ये अडकला, मागचं चाक घासत गेलं आणि गाडी थांबली. आम्ही ती टेम्पोत घालून घरी आणली, हेड-ब्लॉक उतरवलं, नवा ब्लॉक-पिस्टन आणला, बसवला. दोन दिवसांचं काम. गाडी पहिल्या किकला सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं, जमलं! तीन आठवड्यांत ती पुन्हा जाम झाली. नवा पिस्टन जुन्यासारखाच ओरखडलेला. बाबा एवढंच म्हणाले, "ताप उतरवलात, आजार तसाच ठेवलात."

आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे. पिस्टन बदलणं ही दुरुस्ती नव्हे. तो का गेला हे शोधणं ही दुरुस्ती.

आता हे असं का, ते बघा. चेतकचा बोअर ५७ मिलीमीटर आणि स्ट्रोकही ५७ मिलीमीटर. गुणाकार केला की १४५.४५ सीसी येतात. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर पिस्टन प्रत्येक फेऱ्यात ११४ मिलीमीटर जातो-येतो, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेसात मीटरहून जास्त. आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, म्हणजे सेकंदाला ६६-६७ स्फोट. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. या दोघांमध्ये जी केसाएवढी फट ठेवलेली असते, ती गाडी जास्त तापली की संपते. तेलाचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो, आणि पिस्टन पकडतो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: जास्त तापलं का? टू-स्ट्रोकमध्ये याची उत्तरं मोजकीच आहेत. तेल कमी पडलं. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त गेली, म्हणजे मिश्रण पातळ झालं. थंड करणारी हवा पोचली नाही. किंवा स्पार्कचं टायमिंग फार पुढे गेलं.

आता उघडायला घेऊ. गाडी थंड हवी. आधी बाहेरून धुऊन काढा, कारण उघड्या इंजिनात मातीचा एक कण पुरेसा असतो. प्लग काढा आणि त्याचा रंग बघून ठेवा. फिकट पांढरा प्लग म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा इशारा. मग ब्लॉकवरचं हवेचं आवरण काढा. चेतकच्या मॅग्नेटच्या चाकालाच पंख्याची पाती असतात, आणि हे आवरण ती हवा ब्लॉकच्या पंखांमधून नेतं. इथे थांबून नीट बघा. पंखांत चिखल बसलाय का? उंदराने घरटं केलंय का? आवरण फुटलंय का? बरेच जण खटखट आवाज येतो म्हणून हे आवरण काढून टाकतात आणि "उघडं आहे, जास्त हवा लागेल" असं समजतात. उलट होतं. हवा वाट फुटेल तिथे जाते आणि ब्लॉक तापतो.

सायलेन्सर सोडवा. हेडचे चार नट एकदम एक-एक न काढता, तिरपे समोरासमोर, थोडे थोडे सैल करा, नाहीतर हेड वाकतं. ब्लॉक सरळ ओढा. पिस्टन दिसू लागला की लगेच खालच्या क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ सुती फडकं कोंबा. हे विसरू नका. गजन पिनचं लॉक उडून आत पडलं तर हाफ इंजिनचं फुल इंजिन व्हायला वेळ लागत नाही. पिस्टनवर बाण असतो, तो सायलेन्सरच्या भोकाकडे. बाण कार्बनखाली दिसत नसेल तर काढण्याआधी स्वतः खूण करा. पिन घट्ट असेल तर ठोकू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पिस्टनभोवती धरा, पिन बोटाने सरकते.

आता पिस्टन हातात आला. तो फेकू नका, वाचा. फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर उष्णता किंवा तेलाची कमतरता. चारही बाजूंना ठिपक्यांसारखे ओरखडे असतील तर फट कमी होती किंवा थंड गाडी एकदम पळवली. डोक्याला भोक पडलं असेल तर टायमिंग किंवा पातळ मिश्रण. ओरखडे नाहीत, पण रिंगांच्या खाली तपकिरी-काळा डाग उतरलाय, तर जाळ रिंगांवरून खाली येतोय, म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजला आहे. आमच्या दोन्ही पिस्टनांवर ओरखडे सायलेन्सरच्याच बाजूला होते. पहिल्या वेळी आम्ही तो वाचलाच नव्हता.

पुढची पायरी मोजमाप. बोअर मोजायचं महागडं साधन घरी नसतं. पण एक नवी रिंग आणि फीलर गेज यांवर काम भागतं. रिंग एकटीच ब्लॉकमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा, आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. नव्या बोअरमध्ये ही फट बोअरच्या साधारण ०.००४ पट धरतात, म्हणजे ५७ मिलीमीटरला ०.२३ मिलीमीटरच्या आसपास. आता हीच रिंग दोन ठिकाणी मोजा: एकदा ब्लॉकच्या अगदी खाली, जिथे रिंगा कधी पोचत नाहीत, आणि एकदा वर, जिथे झीज सर्वात जास्त. समजा खाली ०.२५ आली आणि वर ०.६५. फरक ०.४०. फट परिघावर मोजली जाते, म्हणून याला ३.१४ ने भागा. बोअर जवळपास ०.१३ मिलीमीटरने मोठा झालाय. आमचा घरचा नियम असा, की झीज ०.१ च्या वर गेली किंवा नखाला लागेल असा ओरखडा असेल तर नुसत्या रिंगा घालायच्या नाहीत, बोअर करायचा.

बोअर करणं हे घरचं काम नाही, ते लेथवाल्याचं. पण त्याच्याकडे जाताना दोन गोष्टी आपल्या हातात असतात. आधी ओव्हरसाइझ पिस्टन विकत घ्या आणि तो ब्लॉकबरोबर द्या. बोअर पिस्टनला मापून करायचा, डब्यावरच्या आकड्याला नव्हे. आणि दुसरी: ब्लॉकमधल्या खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या कडा बोअरनंतर धारदार होतात. त्या किंचित मोडून द्यायला सांगा. न सांगितल्यास कधी कधी राहून जातं, आणि रिंगेचं टोक त्या धारेत अडकून तुटतं.

हेडचा कार्बन लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. हेडची बसणारी बाजू सपाट आहे का ते पाहायला काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हेड हलक्या हाताने आठच्या आकारात फिरवा. सगळीकडे सारखी चमक आली तर सपाट.

इथपर्यंत आम्ही पहिल्या वेळीही आलो होतो. जे केलं नव्हतं ते आता. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हा स्वतः एक पंप आहे. पेट्रोल आणि हवा आधी तिथे येते आणि मग वर जाते. त्याच्या दोन्ही बाजूंना क्रँकच्या दांड्यावर ऑइल सील असतात. मॅग्नेटच्या बाजूचा सील कडक होऊन फाटला तर तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचा फाटला तर गिअरचं तेल ओढलं जातं. मग दाट धूर येतो आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत जातं, बाहेर कुठेही न गळता.

हे तपासायला एक घरगुती युक्ती आहे. ब्लॉक-हेड बसवल्यावर, कार्ब्युरेटर लावण्याआधी, हवा आत येण्याचं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड रबर व पट्टीने बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा. प्लगच्या भोकात नळी घट्ट बसवा आणि तिला जुन्या रक्तदाब यंत्राचा फुगा व काट्याचं मीटर जोडा. २५० पर्यंत दाबा. तो एवढाच दाब, पाव बारपेक्षा थोडा जास्त. त्याहून वर जाऊ नका. काटा काही मिनिटं स्थिर राहिला पाहिजे. भराभर उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. आमचा काटा दहा सेकंदांत खाली आला, आणि मॅग्नेट काढल्यावर बुडबुडे सीलमधूनच येत होते. दोन पिस्टन ज्याने खाल्ले, तो सील मुठीत मावेल एवढा होता.

मग जुळणी. गजन पिनची लॉक नेहमी नवी. रिंगांची टोकं खोबणीतल्या छोट्या खिळ्यांशी जुळवा. सगळ्याला टू-टी तेल लावा. रिंगा बोटांनी दाबून ब्लॉक सरळ सरकवा, गोल फिरवत बसवू नका, नाहीतर टोक खिडकीत अडकेल. हेडचे नट पुन्हा तिरपे, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत.

पेट्रोलचंही बघा. टाकीत २ टक्के तेल, म्हणजे लिटरला २० मिली, आणि ते आधी थोड्या पेट्रोलमध्ये ढवळून मग टाकीत. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. जुन्या गाडीचा मेन जेट तशा पेट्रोलसाठी मापलेलाच नव्हता. तेव्हा नव्या पिस्टनबरोबर एक माप मोठा जेट लावून प्लगचा रंग तपासा. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, कारण इथेनॉल पाणी ओढतं.

पहिले ५०० किलोमीटर थ्रॉटल पूर्ण पिळू नका, आणि एकाच वेगावरही फार वेळ चालवू नका. घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरवर सोडू नका. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. थ्रॉटल बंद, तेल बंद. आवाज बदलला आणि गाडी जड झाली तर डावा हात क्लचवर, लगेच.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत. पहिला: ब्लॉक बदलल्यावर आरटीओत अडचण येते का? इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, ब्लॉकवर नाही. त्यामुळे पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला नंबर तोच जुळतो. दुसरा: हे सगळं करण्यापेक्षा मिस्त्रीकडे का देऊ नये? जरूर द्या. पण जुना पिस्टन परत मागा, आणि त्याच्या शेजारी उभं राहून विचारा, "हा का गेला?" याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याच्या हातात गाडी सुखरूप आहे.

आमची चेतक त्यानंतर खंबाटकी अनेकदा चढली. दुसरा ओरखडलेला पिस्टन मात्र आम्ही ठेवला आहे, हत्यारांच्या पेटीत, वरच्याच कप्प्यात.