जुन्या पारदर्शिकांची स्वच्छता

पुरातत्त्व, भूगोल, वनस्पतिशास्त्र, कलेतिहास इत्यादी विषयांच्या अध्यापनात पारदर्शिकांचा, म्हणजेच व्यवहारात ज्यांना स्लाइड म्हणतात त्यांचा, उपयोग विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर झाला. कोडॅक कंपनीने कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली चलच्चित्रांसाठी व १९३६ साली ३५ मिलिमीटर स्थिर छायाचित्रांसाठी विक्रीस आणली. २००९ साली तिचे उत्पादन थांबले. या काळातील असंख्य पारदर्शिका आजही संग्रहांत आहेत व त्या स्कॅन करून ठेवण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. स्कॅन करण्यापूर्वी त्या स्वच्छ करणे आवश्यक असते; परंतु ही क्रिया वाटते तितकी निरुपद्रवी नव्हे. पारदर्शिकेला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात प्रकाशाला सामोरी गेलेली फिल्मच रासायनिक प्रक्रियेनंतर चौकटीत बसविलेली असते. सबब ती बिघडल्यास प्रत काढण्यास मूळच उरत नाही.

धुळीचा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नाणेघाटातील किंवा कार्ल्याच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखाचा १ मीटर रुंदीचा भाग ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर टिपला आहे, असे समजू. तर फिल्मवरील ०.१ मिलिमीटरचा धूलिकण शिळेवरील सुमारे २.८ मिलिमीटर जागा व्यापतो. दर इंचास ४००० बिंदू या प्रमाणात स्कॅन केल्यास त्याच कणाची रुंदी सुमारे १६ बिंदू भरते. ब्राह्मी लिपीत अनुस्वार टिंबाने दर्शवितात. अशा स्थितीत धुळीचा कण अनुस्वार म्हणून वाचला जाणे, अथवा खरा अनुस्वार धूळ समजून पुसला जाणे, या दोन्ही गोष्टी संभवतात.

प्रथमतः पारदर्शिकेची रचना जाणून घेतली पाहिजे. फिल्मच्या एका बाजूस प्लॅस्टिकचा गुळगुळीत, चकचकीत पाया असतो. दुसऱ्या बाजूस प्रतिमा धारण करणारा जिलेटिनचा थर असतो. हा थर तुलनेने मंद दिसतो आणि कोडाक्रोममध्ये तिरप्या प्रकाशात त्यावर प्रतिमेचा किंचित उठाव जाणवतो. मूळ पारदर्शिकेतील अक्षरे ज्या बाजूने सरळ वाचता येतात ती पायाची बाजू होय. पायाला ओरखडा पडला तरी प्रतिमा बहुधा शाबूत राहते. जिलेटिनला पडलेला ओरखडा मात्र प्रतिमेतच पडतो.

स्वच्छतेचा आरंभ नेहमी कोरड्या उपायांनी करावा. पारदर्शिका कडेने धरावी आणि रबरी फुग्याच्या हवेने सुटी धूळ उडवावी. तोंडाने फुंकर घालू नये, कारण तीतून बाष्प व लाळेचे सूक्ष्म थेंब जिलेटिनवर पडतात. उरलेले कण अतिशय मऊ केसांच्या, स्वच्छ व कोरड्या कुंचल्याने हलकेच दूर करावेत. बहुसंख्य पारदर्शिकांना इतकेच पुरेसे होते व तेथेच थांबणे हिताचे असते.

बोटांचे ठसे किंवा तेलकट डाग असल्यास द्रावकाचा विचार करावा लागतो. त्यासाठी ९८ ते ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या ७० टक्के अल्कोहोलात उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा असल्याने ते त्याज्य समजावे. तंतू न सुटणारे मऊ कापड किंचित ओले करून, दाब न देता, एकाच दिशेने फिरवावे आणि प्रत्येक वेळी कापडाचा नवा भाग घ्यावा. तत्पूर्वी चौकटीखाली झाकलेल्या कडेवर चाचणी घ्यावी. कापडावर रंग उतरल्यास पुढे जाऊ नये. हा द्रावक ज्वालाग्राही असल्याने काम हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर करावे.

सर्वांत कठीण प्रश्न बुरशीचा. पावसाळ्यात कोकणपट्टीवर सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक राहते. बुरशीच्या वाढीस सुमारे ६५ टक्केही पुरेशी होते. जिलेटिन हे तिचे खाद्यच होय. निरोगी जिलेटिन थंड पाण्यात फुगते, पण विरघळत नाही. बुरशीच्या एन्झाइमांनी त्याचे विघटन झाले की मात्र ते पाण्यात विरघळू लागते. म्हणून बुरशी लागलेली पारदर्शिका पाण्याने पुसल्यास डागाबरोबर प्रतिमाही निघून येते. अशी पारदर्शिका इतरांपासून वेगळी करून कोरड्या हवेत ठेवावी आणि काही साफ करण्याआधी आहे त्या स्थितीत स्कॅन करावी. वाढ पूर्ण सुकल्यावर नाकातोंडावर मुखपट्टी बांधून ती कुंचल्याने अलगद झाडावी. पायाच्या बाजूस अल्कोहोल चालते. जिलेटिनमध्ये खोल गेलेली जाळी कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

जुन्या मॅजिक लँटर्नच्या काचेच्या पारदर्शिकांना निराळा नियम लागू पडतो. त्यांत दोन काचा कडेच्या पट्टीने जोडलेल्या असून प्रतिमा आतील बाजूस असते. केवळ बाहेरील काच जेमतेम ओलसर कापडाने पुसावी आणि कडेतून ओल आत जाऊ देऊ नये. हाताने रंगविलेल्या प्रतिमेला कोणताही द्रव लावू नये.

काही स्कॅनर अवरक्त किरणांच्या साहाय्याने धूळ ओळखून ती चित्रातून वगळतात. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये या किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ त्यांना अडविते, हे त्यामागील तत्त्व. परंतु कृष्णधवल फिल्ममधील चांदीही त्यांना अडविते आणि कोडाक्रोममध्येही ही पद्धत भरवशाची ठरत नाही. शिवाय वगळलेली जागा यंत्र शेजारच्या बिंदूंवरून भरून काढते. म्हणजे तेथे जे दिसते ते निरीक्षण नसून अनुमान असते. याकरिता असंस्कारित स्कॅन स्वतंत्रपणे जपावा आणि पारदर्शिकेवर कोणती क्रिया केली याची नोंद त्यासोबत ठेवावी.

स्कॅन झाल्यावरही मूळ पारदर्शिका टाकून देऊ नये. सिलिका जेलसह बंद डब्यात, ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ती ठेवावी. कारण स्कॅनमधील एखाद्या टिंबाविषयी शंका उद्भवल्यास निर्णय देणारा पुरावा तीच होय.