अनोळखी नावाच्या जुन्या लेन्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या चोर बाजारात जुने कॅमेरे विकायला ठेवलेले असतात, तिथे लेन्सही असतात. निकॉन, कॅनन, पेंटॅक्स ही नावं दिसली की लोक भाव विचारतात. व्हिव्हिटार, सोलिगोर किंवा चिनॉन हाताला लागली, तर ‘ही कुठली कंपनी?’ म्हणत परत ठेवतात. नाव अनोळखी म्हणजे काच हलकी, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज.

व्हिव्हिटारचंच पाहू. पाँडर अँड बेस्ट या कॅलिफोर्नियातल्या व्यापारी कंपनीचं हे विक्रीनाव. लेन्स ती जपानी कारखान्यांकडून बनवून घ्यायची. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या बहुतेक व्हिव्हिटार लेन्सचा खरा निर्माता सीरियल क्रमांकावरून कळतो. पहिले दोन आकडे २२ असतील तर किनो प्रिसिजन, २८ असतील तर कोमिने, ३७ असतील तर टोकिना. यातल्या किनोने पुढे किरॉन या नावाने स्वतःच्या लेन्स बाजारात आणल्या आणि टोकिना तर आजही लेन्स बनवते. ‘सीरीज १’ मधली ७०-२१० मिमी झूम आधी किनोने, मग टोकिनाने आणि नंतर कोमिनेने बनवली. वर नाव तेच, आतली रचना मात्र दर वेळी निराळी. त्यामुळे ‘व्हिव्हिटार चांगली की वाईट?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठली व्हिव्हिटार, ते आधी सांगावं लागतं. अशा नावांखाली सुमार मालही पुष्कळ निघाला, विशेषतः स्वस्त झूम लेन्समध्ये. पन्नास किंवा एकशेपस्तीस मिमीसारख्या एकाच फोकल लेंग्थच्या लेन्समध्ये फसगत होण्याची शक्यता बरीच कमी.

दुसरा गैरसमज दोन्ही टोकांचा आहे. काही म्हणतात, जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसतच नाही. काही म्हणतात, ॲडॅप्टर घेतला की काहीही कशालाही बसतं. खरं उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. लेन्स बसते ती कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यात प्रत्येक माउंटचं अंतर ठरलेलं असतं. एम ४२ या आट्यांच्या माउंटचं ते ४५.४६ मिमी आहे. सोनी ई माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते फक्त १८ मिमी. उरलेले २७.४६ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे ॲडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा घसरण्याचं कारण नाही. आरसा असलेल्या निकॉन डीएसएलआरमध्ये मात्र हे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम ४२ पेक्षा जास्त. तिथे साध्या ॲडॅप्टरने जवळचं टिपता येईल, दूरचा डोंगर फोकसमध्ये येणार नाही. त्यासाठी काच असलेला ॲडॅप्टर मिळतो आणि तो खरोखर दर्जा बिघडवतो. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी असल्याने तिथे साधा ॲडॅप्टर चालतो. काही मॉडेलांत लेन्सचा मागचा भाग आरशाला घासू शकतो, एवढं पाहून घ्यावं.

एम ४२ च्या कित्येक लेन्समागे एक बारीक पिन असते. ती दाबली गेल्याशिवाय ॲपर्चरची पाती मिटत नाहीत. लेन्सवर ‘ए–एम’ अशी कळ असेल तर ती एमवर ठेवावी. कळ नसेल तर पिन दाबणारा, आत ओठ असलेला ॲडॅप्टर घ्यावा. रिंग फिरते पण पाती हलत नाहीत म्हणून चांगली लेन्स बिघडलेली ठरवली जाते, ते बहुधा याचमुळे.

‘हाताने फोकस म्हणजे दहातले नऊ फोटो धूसर येणार’ ही भीती फिल्मच्या काळातली. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हवा तो भाग मोठा करून पाहता येतो, शिवाय फोकसमधल्या कडा रंगाने उजळतात. एक्स्पोजरही कॅमेरा मोजतो: ॲपर्चर रिंगवर ठेवायचं, शटरचा वेग त्याने निवडायचा. फक्त मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय चालू करावी लागते आणि बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते. पळत्या मुलांसाठी ऑटोफोकसच बरा, हे मान्य करायला हवं.

५० मिमीची लेन्स लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ७५ मिमी होते, असं सर्रास म्हणतात. लेन्स ५० ची ५०च राहते. लहान सेन्सर मधला भाग तेवढा घेतो. याचा परिणाम सोव्हिएत हेलिओस ४४-२ घेणाऱ्यांना नक्की जाणवतो. तिची ख्याती पार्श्वभूमीतल्या भोवऱ्यासाठी. पण तो भोवरा चित्राच्या कडांकडे उमटतो आणि छोट्या सेन्सरवर त्याच कडा कापल्या जातात. पूर्ण फ्रेमवरही तो हवा असेल तर ॲपर्चर उघडं आणि मागे पानांतून झिरपणाऱ्या प्रकाशासारखे तुटक ठिपके लागतात.

काही जुन्या लेन्समध्ये किरणोत्सारी थोरियम मिसळलेली काच आहे, आसाही पेंटॅक्सच्या काही टाकुमारमध्येही. ती काच पिवळी पडते, अतिनील प्रकाशात ठेवल्यास बरीच निवळते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात चिंतेचं कारण नाही; फोडू किंवा घासू मात्र नये.

घेताना लोक धुळीला घाबरतात आणि बुरशी सोडून देतात. आतल्या चार कणांनी चित्रात काही फरक पडत नाही. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप कायमचा खाते. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने धरून, ॲपर्चर पूर्ण उघडून दुसऱ्या बाजूने पाहावं. पात्यांवर तेल आहे का, ती झटकन मिटतात का, तेही तपासावं. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळाभर हवाच दमट, तेव्हा लेन्स सोबत मिळालेल्या चामडी डब्यात ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा आणि सुकवलेलं सिलिका जेल पुरतं, आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवावी.