सँडर तापतो तेव्हा

लाकूड घासणारा विजेचा सँडर हाताला चटका बसेल इतका तापला, की मोटार हलकी निघाली असं आपण म्हणून टाकतो. बऱ्याचदा मोटार ठीकच असते. तिच्यावर ओव्हरलोड (झेपेल त्यापेक्षा जास्त भार) आलेला असतो. घट्ट खोबरं-चटणी वाटताना मिक्सर कण्हू लागतो, तसंच हे.

जोर लावला की काम लवकर उरकेल, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलटंच. छोटा सँडर मोकळा फिरताना मिनिटाला 12,000च्या आसपास फेरे घेतो. दाबल्यावर फेरे घटतात आणि मोटार जास्त वीज ओढते. तिला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो, म्हणजे उष्णता वाढते नेमकी तेव्हाच वारा कमी होतो. घासायला हाताचं आणि यंत्राचं वजन पुरेसं असतं.

सँडरला लावलेला घासायचा पेपर गुळगुळीत झाला किंवा जुन्या रंगाने भरला, की आपण नकळत जास्त दाबतो. पेपर बदलण्यात कंजुषी नको. हवेच्या फटींत बसलेला भुसा ब्रशने काढावा, धुळीची पिशवी भरू देऊ नये.

तापलेला सँडर लगेच बंद न करता मिनिटभर मोकळा चालू ठेवावा. पंखाच त्याला थंड करतो. मात्र जळका वास किंवा धूर आला, तर ताबडतोब प्लग काढा आणि मेकॅनिकला दाखवा.